शेपटीला कॉटन लायक्रा नको

ताई, मुलीला पोहताना घालायच्या जलपरीच्या शेपटीसाठी कुठलं कापड घ्यावं असं तुम्ही विचारलंत. त्यावर कुणीतरी कॉटन लायक्रा (सुती कापडात ताणणारा लायक्रा धागा मिसळलेलं) सुचवलंय, ते घेऊ नका. सुती धागा पाणी पितो, शेपटी लोंबते आणि पाय खाली ओढले जातात. पोहण्याच्या पोशाखाचं, चारही बाजूंनी ताणणारं कापड बघा. नायलॉन-लायक्रा अंगाला छान बसतं, पण क्लोरीनच्या पाण्यात त्यातला लायक्रा हळूहळू सैल पडतो. नेहमी पोहायचं असेल तर क्लोरीनला टिकणारं पॉलिस्टरचं कापड बरं. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दुकानात कापड उभं-आडवं ओढून सोडा, झटकन मूळ जागी आलं तरच घ्या. शिवण झिगझॅगच हवी, दोरा पॉलिस्टरचा. सरळ टीप ताणली की तुटते.

रबरासारख्या सिलिकॉनची शेपटी फार देखणी दिसते, पण जड आणि महाग. वाढत्या वयाच्या मुलीला नकोच. निओप्रीन (पाणबुड्यांच्या पोशाखाचं फोमसारखं रबर) ऊब देतं, पण तरंगतं, त्यामुळे बुडी मारणं अवघड जातं.

शेपटीच्या पंखाच्या आतल्या मोनोफिनसाठी (दोन्ही पावलं बसतात तो एकच कडक पंख) पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची शीट उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून कापून घ्या, कडा घासून गोल करा. पाय एका झटक्यात बाहेर निघालेच पाहिजेत, हे कापडाच्याही आधी ठरवा. पहिली चाचणी कमरेइतक्या पाण्यात, कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं असताना.