'स्वामी' वाचून रडणाऱ्यांना भाबडं म्हणू नका

मंगळवारपेठकरीण:
परवा 'पन्हाळ्याचं धुकं' यांनी इथं लिहिलं, की माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' कादंबरी निम्मी वाचून झाली आणि पुढं वाचवेना. सगळी माणसं कीर्तनात उभी असल्यासारखी बोलतात, असल्या कादंबऱ्यांनी आपल्याला इतिहासाऐवजी हुंदके दिले, आणि त्या वाचून रडणारे भाबडे. दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेच.

महिन्यापूर्वी आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला पंधरा-वीस पानं वाचून दाखवते. करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली प्रत आहे, कडेला बोटं लागून लागून पानं मऊ पडलीत. मी ही कादंबरी कॉलेजात एका रात्रीत संपवली होती. मोठ्यानं वाचताना ती वेगळीच निघाली. जी वाक्यं डोळ्यांना लांबलचक वाटायची, ती जिभेवर बरोबर बसतात. चुलते राघोबादादा आणि माधवराव समोरासमोर आले की आई पांघरूण बाजूला सारून उठून बसते. माधवरावांच्या आई गोपिकाबाई आल्या की तिचा चेहरा आवळतो.

माधवरावांच्या दुखण्यापाशी आलो तेव्हा आईनं मला थांबवलं. म्हणाली, "आमच्या आण्णांचं पण असंच. खोकला आला की ते भिंतीकडं तोंड करायचे. त्यांचा तांब्या वेगळा होता, तो घासायचं काम माझ्याकडं होतं." माझे आजोबा क्षयानं गेले एवढंच मला ठाऊक होतं. तांब्याचं पन्नास वर्षांत कधी निघालं नव्हतं. ते या पुस्तकानं काढलं. आता सांगा, माझी आई भाबडी?

पन्हाळ्याचं धुकं:
ताई, आईंना लवकर बरं वाटू दे. पण मी त्यांच्याबद्दल लिहिलं नव्हतं, आणि माझा मुद्दा तिथंच आहे.

सव्वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. माधवरावांवर प्रश्न घातला की निम्मी पोरं त्यांच्या बायकोचे, रमाबाईंचे, कादंबरीतले संवाद लिहायची. एका पोराचे मी गुण कापले तर त्याचे वडील पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आले, पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "हे काय खोटं छापलंय?" त्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मुख्याध्यापकांनी मलाच समजुतीनं घ्यायला सांगितलं. ते गुण मला वाढवून द्यावे लागले, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

माधवराव हा केवढा माणूस होता बघा. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळाली, तीही १७६१ साली. पानिपतात पिढी कापली गेलेली, बाप गेलेला, राज्य कर्जात. १७६२ ला आळेगावात चुलत्यापुढं, राघोबादादांपुढं, नमतं घ्यावं लागलं, पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाला लोळवलं, १७६८ ला धोडपला त्याच चुलत्याला धरून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. हैदरवर मोहिमांमागून मोहिमा काढल्या. वेठबिगार बंद केली. मरताना कर्ज फेडायची काळजी करत होता. अकरा वर्षांत एवढं! आणि वाचकाच्या डोक्यात राहतं काय, तर थेऊरचं मरण आणि आजारपण. माझा जीव त्या हिशेबाच्या वह्यांत अडकलाय, कादंबरीचा महालात.

शिवाजीपेठेतला:
सर, तुम्ही दोघंही पुण्याबद्दलच बोलताय. माझं दुखणं दुसरंच आहे.

ही कादंबरी लिहिली कुणी? आपल्याच जिल्ह्यातल्या, चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी. १९६२ ला आली, दोन वर्षांत साहित्य अकादमी मिळालं. अभिमान आहेच. पण ताम्रपर्णीच्या काठावर बसून लेखकाला पुणं दिसलं आणि करवीर, म्हणजे आपलं कोल्हापूर, दिसलं नाही, हे मला टोचतं. माधवरावांना वस्त्रं मिळाली तेव्हा महाराणी ताराबाई जिवंत होत्या हो! साताऱ्यात, वय ८६. औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलेली बाई. त्या गेल्या डिसेंबर १७६१ मध्ये. आणि माधवरावांच्या सगळ्या कारकिर्दीत इथं कोण राज्य करत होतं? जिजाबाई राणीसाहेब. १७६० ला त्यांचे यजमान, करवीरचे संभाजीराजे गेले, गादीला वारस नाही, तरी त्यांनी करवीर वाचवलं, १७६२ ला दत्तक घेतला आणि १७७३ पर्यंत कारभार केला. त्यांची गोष्ट किती घरांत मोठ्यानं वाचली जाते?

कोथरूडला राहणारा कोल्हापुरी:
आलं पुणं! धागा कशाचाही असो, तिसऱ्या प्रतिसादाला पुण्याच्या नावानं खडे फोडलेच पाहिजेत.

पेशवे पुण्याचे, म्हणून गोष्ट पुण्याची. लेखकानं काय लिहावं हे आपण ठरवणार का? आणि ताराबाईंबद्दल एवढा कळवळा आहे तर पूर्ण सांगा. १७१४ ला त्यांना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं ते करवीरच्याच घरानं. त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी. त्यात पुण्याचा काय दोष? आणि १७६२ च्या त्या दत्तकाला संमती दिली कुणी? माधवरावांनीच.

शिवाजीपेठेतला:
१७१४ चं मला शिकवू नका, आमच्या घरात तो विषय जेवताना निघतो. कैद केली ते चूकच. पण त्यावर तरी कुणी घराघरात पोचणारी कादंबरी लिहिली का? दोन सवती, दोन पोरं, एक गड. यापेक्षा मोठं नाट्य शनिवारवाड्यात घडलं का?

आणि नोकरीला पुण्याला गेला म्हणून माणसानं इतकं बदलावं?

कोथरूडला राहणारा कोल्हापुरी:
माझी नोकरी काढायचं कारण नाही. दर महिन्याला येतो, अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय परत जात नाही. शब्द मागं घ्या.

शिवाजीपेठेतला:
नोकरीचं बोललो ते मागं घेतो. बाकीचं नाही, आणि का नाही ते ऐका.

गेल्या मे महिन्यात बहिणीचा मुलगा आला होता, सातवीतला. गाडीवरून कावळा नाक्याला आलो, सिग्नलला थांबलो. समोर घोड्यावर ताराराणींचा, म्हणजे याच ताराबाईंचा पुतळा. मी विचारलं, कोण रे ही? पोरगं पटकन म्हणालं, "झाशीची राणी." कोल्हापुरात! सिग्नल सुटला, मागनं हॉर्न वाजायला लागले, मला गाडी पुढं घेववेना. पोरगं हुशार आहे, वर्गात पहिल्या तिनांत असतं. त्याला झाशीची राणी माहीत आहे कारण तिची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली. सर म्हणतात कादंबरीनं इतिहास बिघडतो. मी म्हणतो, ज्यांच्यावर अशी कादंबरी झाली नाही त्यांना विचारा.

पन्हाळ्याचं धुकं:
हे मला गैरसोयीचं आहे, पण खरं आहे. ताराबाई मी वर्गात दरवर्षी शिकवल्या. पोरांच्या लक्षात माधवरावच राहिले. तरी मूळ मुद्दा सोडत नाही: लक्षात राहतं ते खरं असतंच असं नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली:
सगळे पुरुष गादी, गड आणि दत्तक यांवर भांडताय. रमाबाईंचं काय?

माझ्या लग्नात 'स्वामी'च्या तीन प्रती आल्या. एका प्रतीवर मामांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "रमा-माधवासारखा संसार करा." मी नवी नवरी, खूश झाले. चार महिन्यांनी पुस्तक वाचून संपवलं आणि ते पान परत उघडून बघितलं. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले. रमाबाई १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला त्यांच्यामागं सती गेल्या. मूलबाळ नाही. हा आशीर्वाद? मामा फार प्रेमळ माणूस, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर मी जास्त घाबरले. गोष्ट इतकी गोड सांगितलीय, की शेवटी एक जिवंत बाई जळते हे लोकांच्या ध्यानातच राहत नाही.

मंगळवारपेठकरीण, तुमच्या आईंनी तांब्या आठवला, ते वाचून माझेही डोळे भरले. पण थेऊरचं शेवटचं प्रकरण त्यांना कसं वाचून दाखवणार आहात?

कोथरूडला राहणारा कोल्हापुरी:
त्या काळात सतीप्रथा होती. आजचे नियम तिथं लावू नका. ते जसं घडलं तसं लिहिलं.

राजारामपुरी आठवी गल्ली:
घडलं त्या काळात, दादा. पुस्तक १९६२ चं आहे. आणि माझं लग्न १९९८ चं.

पन्हाळ्याचं धुकं:
मी एवढं लांबलचक लिहून जे सांगू शकलो नाही ते ताईंनी त्या एका प्रतीवरून सांगितलं. माझं हिशेबाचं गाऱ्हाणं यापुढं लहान आहे.

शिवाजीपेठेतला:
जिजाबाई राणीसाहेब नवऱ्यामागं बारा वर्षं जगल्या आणि राज्य केलं. त्याच काळात. हे मुद्दाम लिहितोय, कोथरूडवाल्यांसाठी.

कोथरूडला राहणारा कोल्हापुरी:
वाचलं. गोपिकाबाईही नवऱ्यामागं राहिल्या, तेव्हा सगळ्या जात नव्हत्या हे मान्य करतो. काळाचं कारण पुरत नाही.

मंगळवारपेठकरीण:
तीन दिवस इथं आले नव्हते, कारण शेवटचं प्रकरण चाललं होतं. राजारामपुरीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि त्या संध्याकाळी पुस्तक उघडायला हात होईना. मधली पानं गाळावीत असं ठरवलं. आईला कळलं. "पानं दोन उलटलीस," म्हणाली. डोळ्यांवर पट्टी, पण कान तिखट. मग सगळं वाचलं. माझा आवाज दोनदा बसला.

आई रडली नाही. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आण्णा गेले तेव्हा आई चौतीसची. तिसऱ्या दिवशी शिवणाचं मशिन मागून आणलं तिनं. त्या पोरीला हाताला धरून मागं ओढणारं तिथं कुणीच नव्हतं का गं?"

सर, पुस्तकावरचा माझा जीव कमी झालेला नाही, पण हा प्रश्न कादंबरीनं स्वतःहून विचारला नाही, आईनं विचारला, हे कबूल करते. तुम्ही 'भाबडे' मागं घेणार का?

पन्हाळ्याचं धुकं:
घेतला. आईंना नमस्कार सांगा. उरलेली निम्मी वाचायला काढतो, आणि या खेपेला मोठ्यानं.

मंगळवारपेठकरीण:
शनिवारी पुस्तक परत द्यायचंय. शिवाजी पेठेतले दादा, ताराबाईंवरचं मोठ्या अक्षरातलं काही असेल तर नाव कळवा. पट्टी निघाली की आई स्वतः वाचणार आहे.