शंभर वर्षांचं लाकडी घर आणि उणे तीस अंश: इन्सुलेशन कुठून सुरू करावं?

सावजी_रस्सा
लोकहो, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही मोंटानातल्या ब्यूट गावात राहतो. तांब्याच्या खाणींचं जुनं गाव, साधारण ५५०० फुटांवर. नवऱ्याची नोकरी खाणीतली, त्यामुळे गाव निवडायचा प्रश्नच नव्हता. घर मात्र हौसेने निवडलं. १९१२ चं, दुमजली, लाकडी, पुढे ओसरी, आत कठड्यावर कोरीव काम केलेला जिना. घेतलं जूनमध्ये. मी पडले नागपूरची, घर बघताना माझा पहिला प्रश्न "उन्हाळ्यात गार राहतं ना?" एजंट मनापासून हो म्हणाला.

गेल्या जानेवारीत तीन रात्री पारा उणे तीसच्या खाली होता. फर्नेस एक मिनिट बंद होत नव्हती, तरी वरच्या मजल्यावर उकडतंय आणि खालच्या हॉलमध्ये जमिनीलगत गार वारा. लेक सोफ्यावर पाय वर घेऊनच अभ्यास करायची. विजेच्या स्विचच्या पट्टीतून वारा येतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. गॅसचं बिल वाचून नवऱ्याने चष्मा पुसला आणि परत वाचलं.

एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याचं म्हणणं, भिंतींमध्ये स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट बसणारा) मारायचा आणि सगळ्या बावीस खिडक्या बदलायच्या. ४१ हजार डॉलर. पाऊण तासात कोटेशन, माळ्यावर चढलासुद्धा नाही. म्हणून मीच शिडी लावून डोकं घातलं. गुलाबी ग्लासवूलचा, म्हणजे काचतंतूंच्या लोकरीचा, पातळ थर आहे, मध्येमध्ये काळा पडलेला. त्याच्याखाली खडीसारखं काहीतरी, राखाडी-सोनेरी, चमकतं. मूठभर डबीत काढून आणलंय, फोटो जोडलाय. पागोळ्या गोठून तीन-तीन फुटी झाल्या होत्या, त्यांचाही फोटो आहे, फार सुंदर दिसतात.

भिंती आधी, खिडक्या आधी, की अजून काही? कोणी अशा घरात राहिलंय का?

तुळई
सावजीताई, बाकी सगळं नंतर. ती डबी उघडू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा, जिथे ठेवली होती तिथे ओल्या फडक्याने पुसा, ते फडकंही पिशवीत टाका. व्हॅक्यूम फिरवू नका. माळ्याचं झाकण लावा आणि पुन्हा वर जाऊ नका.

फोटोत हार्मोनियमच्या भात्यासारखे पापुद्रे असलेले दाणे दिसताहेत. हे व्हर्मिक्युलाइट आहे, म्हणजे तापवून फुलवलेलं खनिज, इन्सुलेशन म्हणून माळ्यावर ओतायचे. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल तुमच्याच राज्यातल्या लिबी गावाजवळच्या खाणीतून आला, आणि त्या साठ्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, म्हणजे श्वासातून फुफ्फुसात जाणारे घातक खनिज तंतू. लिबीत त्याने इतकी माणसं आजारी पडली आणि गेली, की २००९ मध्ये सरकारने तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. एका मुठीच्या तपासणीत काही सापडलं नाही तरी उरलेला माळा स्वच्छ, असं धरता येत नाही. आहे असंच समजून चालायचं.

घाबरून घर सोडायची गरज नाही. न ढवळता पडून राहिलं तर धोका कमी असतो. ढवळायचं मात्र परवानाधारक माणसांनीच. काढण्याच्या खर्चाचा काही वाटा परत देणारा एक ट्रस्ट आहे, झोनोलाइट ॲटिक इन्सुलेशन ट्रस्ट नावाचा. काम सुरू व्हायच्या आधी त्यांचे फोटोंचे आणि नमुन्याचे नियम वाचून ठेवा, नंतर पुरावा उरत नाही.

माळ्यावर न चढता भिंतीत फोम मारायला निघालेल्या माणसाला परत बोलावू नका. उरलेलं रात्री लिहितो.

सावजी_रस्सा
बाप रे. डबी पिशवीत गेली, पिशवी गॅरेजमध्ये. हात तीनदा धुतले. वाट बघते.

तुळई
हं, आता निवांत.

माझं घर डेन्व्हरजवळ, १९०८ चं. ऊर्जा-तपासणीची कामं मी आठ वर्षं केली, त्यामुळे अशा घरांचे माळे बरेच पाहिलेत. तुमच्या घराची रचना बहुधा 'बलून फ्रेम' असणार. म्हणजे भिंतीतले उभे वासे तळघरापासून माळ्यापर्यंत सलग, मध्ये मजल्यापाशी आडकाठी नाही. दोन वाशांमधली पोकळी खाली उघडी, वर उघडी. घर घेतलं त्या वर्षी मुलाला मी तळघरात टॉर्च धरून उभं केलं आणि स्वतः माळ्यावर गेलो. भिंतीच्या डोक्यावरच्या फटीतून वाकून पाहिलं, तर थेट खाली टॉर्चचा उजेड! दोन मजले ओलांडून. घराच्या भिंती म्हणजे शंभर वर्षं चाललेली धुराडी, फक्त धुराऐवजी पैसे जातात.

गरम हवा वर चढते, माळ्यातल्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून, तळघरातून, स्विचच्या पट्टीतून गार हवा ओढली जाते. वर उकाडा आणि पायाला वारा हे त्याचंच लक्षण. काळी पडलेली ग्लासवूल म्हणजे तिथून हवा वाहतेय, लोकरीने वर्षानुवर्षं धूळ गाळलीय. लोकर हवा अडवत नाही, स्वेटर घालून वाऱ्यात उभं राहिल्यासारखं ते.

आणि पागोळ्या. सुंदर दिसतात खऱ्या, पण ते तुमचं गॅसचं बिल लटकतंय. माळा गरम, म्हणून छपरावरचं बर्फ खालून वितळतं, वळचणीपाशी आलं की गोठतं. त्या बांधामागे पाणी साचलं की कौलाखालून आत येतं.

म्हणून क्रम असा. पहिली तपासणी, ब्लोअर डोअरची. दारात मोठा पंखा लावून घरातली हवा ५० पास्कलच्या फरकाने बाहेर ओढतात, म्हणजे प्रत्येक फट बोलायला लागते. पण तुमच्या माळ्यावर व्हर्मिक्युलाइट आहे, त्यामुळे त्यांना फोनवरच सांगा, नाहीतर पंखा वरची धूळ घरात ओढेल. ती चाचणी माळा साफ झाल्यावर. तोवर उदबत्ती आहेच. वाऱ्याच्या दिवशी पेटवून स्विच, खिडकीची चौकट, जमिनीलगतची पट्टी, जिन्याखालचं कपाट असं फिरवा, धूर सांगेल.

मग विजेचं बघायचं. चिनीमातीच्या खुंट्यांवर ताणलेल्या जुन्या तारा असतील तर त्यांची उष्णता मोकळ्या हवेत जाते, म्हणून तर त्या तशा बसवल्या. त्या इन्सुलेशनखाली गाडल्या तर तापतात. आधी इलेक्ट्रिशियन.

त्यानंतर माळ्यातल्या फटी बुजवायच्या, धुराड्याभोवती पत्रा आणि आग सहन करणारं सीलंट वापरून. मगच वर सेल्युलोज टाकायचं. म्हणजे वर्तमानपत्रांचा कोरडा भुगा, बोरॅक्स जातीची द्रव्यं घातलेला. 'आर' म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं. इंचाला साधारण आर-३.५ पडतो, तुमच्या हवामानात आर-६० हवा, म्हणजे सतरा इंच.

भिंती सगळ्यात शेवटी. किंवा कधीच नाही.

शंकेखोर
माफ करा, पण भिंती कधीच नाही हे पटत नाही. घराचं सगळ्यात मोठं क्षेत्रफळ भिंतींचंच ना? आणि बावीस एकपदरी खिडक्या ठेवून माळ्यावर कागदाचा भुगा टाकायचा म्हणजे बादलीला भोक आणि झाकणाची काळजी.

तुळई
शंका रास्त आहे. बादली उलटी आहे एवढंच, भोक वरच्या बाजूला जास्त महाग पडतं.

खिडक्यांबद्दल: १९१२ च्या चौकटींचं लाकूड संथ वाढलेल्या जुन्या जंगलातलं, आज तसं मिळत नाही. काच आर-१, बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे काचेची जादा खिडकी, लावली की आर-२ च्या आसपास, म्हणजे साध्या दुपदरी खिडकीइतकं, आणि खर्च नव्या खिडकीच्या मानाने फार थोडा. त्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांना दोरीवर लोखंडी वजनं असतात, ती बाजूच्या पोकळ खोक्यात लोंबतात. वारा काचेतून कमी आणि त्या खोक्यातून जास्त येतो. रंग खरवडताना मात्र सांभाळा. घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये, तुमच्या चौकटीवर त्याआधीचे थर नक्की असणार.

भिंतींची अडचण ओल आहे. रिकामी भिंत थंड असते पण वाळते. आतून उष्णता झिरपत असते, हवा खेळत असते, पावसाचं पाणी शिरलं तरी निघून जातं. तीच भिंत ठासून भरली की बाहेरची फळी गार पडते, आतली दमट हवा तिच्यावर जाऊन दंव धरते. दोन-तीन हिवाळ्यांनी बाहेरचा रंग सोलपटतो, मग फळी. सेल्युलोज दाबून भरलं तर निदान ओल शोषून पसरवतं. फोम परत काढताच येत नाही. मला एका घरात फळीवर बोट टेकवल्यावर बोट आत गेलं होतं. तिथे फोम होता.

देवदार
ओलीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही शिमल्याला सहा वर्षं एका इंग्रजी अमदानीतल्या घरात भाड्याने होतो. धज्जी भिंती, म्हणजे देवदाराच्या लाकडाची चौकट, त्यात दगड-माती भरलेली, वर मातीचा गिलावा. छप्पर पत्र्याचं. आमच्या आधीच्या भाडेकरूने थंडी अडवायला बेडरूमच्या भिंतीवर आतून प्लास्टिकचा कागद लावून वर प्लाय ठोकला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर कुबट वास यायला लागला. मिस्त्रीने प्लाय काढला, मागे कागदावर थेंबांची माळ आणि लाकडाचा भुसा. सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेला देवदार चार वर्षांत गेला. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, दीवार को साँस लेने दो."

आम्ही बुखारी (लाकडाची शेगडी) एका खोलीत पेटवायचो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सगळे त्याच खोलीत. छताखाली जुनं लाकडी सीलिंग होतं, त्याच्यावर घरमालकाने ग्लासवूल पसरली, फरक तेवढ्यानेच पडला.

आल्प्सची_सून
देवदारताई, एक खोली हे अगदी खरं. माझं सासर स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यातलं. तिथल्या जुन्या घरांत भिंती हातभर जाड दगडाच्या, खिडक्या लहान आणि आत नरसाळ्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या. पण ऊबदार खोली एकच, 'ष्ट्युवा'. चारी बाजूंनी पाइनच्या फळ्या, आणि शेगडीचं तोंड खोलीबाहेर, म्हणजे राख-धूर बाहेरच. आजेसासूबाई बाकीच्या घरात कोट घालून वावरायच्या आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. सावजी, लेकीचा अभ्यास दक्षिणेच्या खोलीत हलव. फुकटचा उपाय.

सावजी_रस्सा
उदबत्ती केली! लेकीने गावाकडून आलेली चंदनाची काढली. खिडक्यांपाशी धूर हलतो, पण जिन्याखालच्या कपाटात तो सरळ आडवा झाला आणि भिंतीतल्या फटीत खेचला गेला, जणू कोणी पलीकडून ओढतंय. तळघरात दगडी पाया आणि वरच्या लाकडाच्या मधल्या जागेत हात घातला तर वारा, आणि एका ठिकाणी चक्क उजेड.

एक शंका. ५५०० फुटांवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय वरण शिजतच नाही. रोज संध्याकाळी चार-पाच शिट्ट्या. ती वाफ कुठे जाते?

तुळई
लाख मोलाचा प्रश्न, इथे गोऱ्या शेजाऱ्यांना तो पडतच नाही! वाफ वर जाते, फटींतून माळ्यात, आणि छपराच्या आतून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर दंव होऊन बसते. पंखा लावून बाहेर काढा, आणि पंख्याचा पाइप खरंच बाहेर जातो ना ते बघा. बऱ्याच घरांत न्हाणीघराचा पंखा माळ्यातच श्वास सोडतो. पंचवीस-तीस डॉलरचा आर्द्रतामापक घ्या, कडक थंडीत आकडा ३० च्या वर जाऊ देऊ नका.

तळघरात तो उजेड आधी बुजवा. फोमच्या जाड पाट्या मापाने कापून वाशांच्या टोकांपाशी बसवा, कडा फोमच्या डब्याने. दगडी पायावर थेट फोम मारू नका. आणि तळघराच्या छताला लोकर ठोकू नका, नाहीतर तळघर इतकं गार होईल की नळ गोठतील.

सगळ्यात महत्त्वाचं: घर घट्ट झालं की धुराड्यातून आपोआप वर जाणारा गॅस गीझरचा धूर उलटा घरात येऊ शकतो. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि काम संपल्यावर तंत्रज्ञाकडून धुराची ओढ तपासून घ्या. हे टाळू नका.

शंकेखोर
खिडक्यांचं पटलं. भिंतींचं अर्धं पटलं. करसवलत कुणी सांगितली नाही अजून?

तुळई
केंद्राची ३० टक्क्यांची होती ती २०२५ अखेर संपली. राज्याचं आणि गॅस कंपनीचं काय आहे ते तिथेच विचारावं लागेल.

सावजी_रस्सा
धागा वर काढतेय. वर्ष उलटलं, म्हटलं हिशोब द्यावा.

माळा ऑगस्टमध्ये साफ झाला. पांढरे अंगरखे घातलेली माणसं, प्लास्टिकचे पडदे, आम्ही चार दिवस मोटेलमध्ये. खर्च दुखला. ट्रस्टकडे अर्ज दिलाय, फोटो आधी काढले होते म्हणून निभावलं. तारा जुन्याच निघाल्या, दोन खोल्यांच्या बदलल्या. मग फटी, मग सतरा इंच सेल्युलोज. तळघर नवऱ्याने आणि मी दोन शनिवारी केलं. नऊ खिडक्यांना स्टॉर्म लागल्या, उरलेल्यांना हेअर ड्रायरने ताणायचं प्लास्टिक.

ब्लोअर डोअरवाल्याने आकडे दाखवले, गळती निम्म्याच्या जवळ आली. सगळं मिळून त्या ४१ हजारांच्या निम्म्यातही नाही, आणि त्यातला मोठा हिस्सा ॲस्बेस्टॉसनेच खाल्ला.

परवा पहिलं मोठं बर्फ पडलं. सकाळी रस्त्यापलीकडून बघितलं, शेजारच्यांच्या छपरावर काळे चट्टे आणि आमच्यावर अखंड पांढरी चादर. पागोळ्या हाताच्या बोटाएवढ्या. लेक म्हणाली, "आई, फोटोला काही उरलंच नाही."

उत्तरेकडची भिंत अजून गार आहे. हात लावलेला नाही. कपाट सरकवून तिथे आईने पाठवलेल्या दोन गोधड्या टांगल्यात, चालेल ना?

तुळई
चालेल, पण भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून टांगा. आणि महिन्यातून एकदा मागे हात फिरवून बघा, ओलसर लागतंय का.