हक्कसोडपत्रावर सही करावी का?

धाकटी:
आबांना जाऊन चौदा महिने झाले. साडेचार एकर, वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर आई, दादा आणि आम्ही दोघी बहिणी, अशी वारसनोंद झालीय. भाऊबीजेला ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं आणि मागोमाग दादाने हक्कसोडपत्र पुढे केलं. सह्यांच्या जागी पेन्सिलीने तीन फुल्या. ताईने लगेच सही केली. मी "चष्मा विसरले" म्हणून वेळ मारून नेली. चष्मा पर्समध्येच होता.

माझं लग्न १९९२चं. राज्याने १९९४ला मुलींना वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ला केंद्राने ती अट ठेवली नाही. म्हणजे कायद्याने माझा हिस्सा आहे. पण आबांना डायलिसिसला दादाच न्यायचा, पहाटेच्या एसटीने. मी लांबून फोन करायचे. अशा भावाकडे मागायचं कोणत्या तोंडाने?

कोर्टकचेरी:
तोंडाचं तुम्ही बघा, मी कायद्याचं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला, विनीता शर्मा खटल्यात, मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासून, हे नक्की केलंय. शिवाय हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या घरच्या सहीने तुमच्या ताईंचाही हक्क गेलेला नाही.

बांधावरचा:
ताई, राग मानू नका. लग्नात बापाने केलं तोच मुलीचा वाटा. जमीन मागितली की माहेर तुटतं. आमच्या भावकीत दोन घरांचं येणंजाणं असंच बंद झालं.

सही केलेली:
आणि भावाने भावाकडे वाटा मागितला की काय होतं हो तुमच्या भावकीत? मी एका साडीवर सही केली, निबंधकाकडे जाऊन. पुढे त्या जमिनीतून रस्ता गेला. मोबदला आल्याचं मला माहेरच्या शेजारणीकडून कळलं.

धाकटी:
लग्नाचं म्हणाल तर दादाचंही आबांनीच केलं, बँड लावून. सेवेचं मात्र खरंय, ते टोचतं. पण रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात आलं, आम्ही बहिणी दोघी, मग तिसरी फुली कुणाची? आईची! आबांची उठबस जिने केली, तिची.

सकाळी दादाला फोन लावला. म्हटलं, पीक सगळं तू घे, मला दाणा नको, पण नावं राहू देत. आईचं तर राहूच दे.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिच्याशी बोलून सांगतो."