चेनसॉ बारला तेलच देत नाही, इंदूरकर जाणकारांनो मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महूजवळच्या आमच्या शेतावर वादळात सुबाभूळ आडवी झाली, ती कापायला पेट्रोलचा चेनसॉ काढला. दहा मिनिटांत बारमधून (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) धूर! पेट्रोल संपलं तरी तेलाची टाकी तशीच भरलेली; एरवी दोन्ही साधारण बरोबरच संपतात.

बारची खाच आणि तेलाचं भोक तारेने मोकळं केलं, भुशाचा नुसता लगदा होता. टाकीतला फिल्टर धुतला, तेल कमी-जास्त करायचा स्क्रू पूर्ण उघडला, झाकण सैल करून पाहिलं. शेवटी बार-चेन काढून रेस दिली, तरी थेंब नाही. म्हणजे बार निर्दोष. (कबूल करतो, मागे एकदा गाडीचं काळं ऑइल ओतलं होतं. बाबा तेव्हाच ओरडले होते.)

आता संशय क्लचमागच्या तेलपंपाच्या वर्म गिअरवर, म्हणजे पंप फिरवणाऱ्या आट्यांच्या गिअरवर. प्लास्टिकचा आहे, झिजला असेल. क्लचचे आटे उलटे असतात ना? क्लच खोलताना पिस्टन अडवायला स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी घालतात म्हणे, कुणी केलंय का? आणि इंदूरच्या सियागंज बाजारात सुटा गिअर मिळेल, की अख्खा पंपच घ्यावा लागेल? एक दुकानदार म्हणाला, "नवीन मशीनच घेऊन टाका, भिया." ते सोडून काहीही सुचवा.