मदत हवी आहे : उन्हं चढली की आरसी बगी सड्यावर उड्या मारते

नमस्कार मंडळी. आठ दिवस या एकाच गोष्टीवर अडलोय, जाणकारांनी कृपया वाट दाखवा.

गाडी रिमोटवर चालणारी (आरसी), १/१० मापाची इलेक्ट्रिक बगी, जोर फक्त मागच्या चाकांना, बॅटरीसकट वजन दीड किलोच्या आसपास. मी आणि भाचा रत्नागिरीजवळच्या सड्यावर पळवतो. सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: जांभ्याचा उघडा कातळ, जागोजागी भोकं, वर लाल मातीची बारीक भुकटी. पाऊस सरल्यावर गवत काढून, झाडून आम्ही एक गोल वाट केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत वाडीतल्या पोरांबरोबर शर्यत लावायची ठरली आहे, म्हणून घाई.

सकाळी सातला गाडी छान जमिनीला धरून पळते. अकराच्या उन्हात तीच गाडी, तेच टायर, आणि नुसत्या उड्या. वळणावर मागचं आतलं चाक उचलतं, वेग असेल तर सरळ उलटते. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूत मात्र काही तक्रार नाही. (तिथे रोज नेत नाही. खारं पाणी बेअरिंग खातं.)

उलटू नये म्हणून मागे कडक स्प्रिंगा टाकल्या, तर आता सकाळीसुद्धा उडते. राइड हाइट, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, २६ वरून २२ मिमी केली. उलटणं कमी झालं, पण पोट कातळाला घासतं. मागचा कॅम्बर (चाकांचा आतबाहेर कल) उणे दोन अंशांचा उणे एक केला, काही कळलं नाही. शॉकमधलं (धक्के झेलणाऱ्या नळीतलं) मूळ तेल पावसाळ्यात गळालं होतं, तेव्हा गॅरेजमधून मोटारसायकलच्या फोर्कचं १० नंबरचं तेल आणून भरलं.

आता तेल जाड करू, की शॉक टॉवरवरची (शॉकचं वरचं टोक बसतं त्या पट्टीवरची) भोकं बदलू?

प्रतिसाद १

दादा, आधी ते फोर्कचं तेल काढा. ते खनिज तेल. उन्हात सिलिकॉन तेलापेक्षा फार लवकर पातळ होतं, म्हणून सात आणि अकरा यांत एवढा फरक. पातळ तेलावर कडक स्प्रिंग म्हणजे दाबलेली स्प्रिंग आवरायला कोणी नाही, ती चाकाला परत फेकते. वाळू सपाट, तिथे शॉकला कामच नाही, म्हणून दोष दिसला नाही. शिवाय ओ-रिंगा (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कड्या) सिलिकॉनच्या असतील तर त्या तेलात फुगतात. स्प्रिंग काढून प्रत्येक शॉकचा दांडा हाताने दाबून बघा, चारही सारखे सरकतात का.

सिलिकॉन तेल मागवा: पुढे ४००, मागे ३५० सीएसटीच्या (तेलाच्या दाटपणाचं माप) आसपास. ‘१० नंबर’ असल्या नंबरांवर जाऊ नका, ते कंपनीगणिक बदलतात. मूळ स्प्रिंगा परत लावा, राइड हाइट २४ करा. मग गाडी वीतभर उंचीवरून सोडा. बसली की गप्प राहायला हवी. एवढं झाल्यावरही उलटली तर मागच्या शॉकचा खाली उतरायचा पल्ला दोनेक मिमीने कमी करा. टॉवरला तोवर हात लावू नका, एका वेळी एकच बदल.

धागाकर्ता

आत्ताच चारही उघडून पाहिले. मागचा उजवा दांडा अर्ध्यात अडकतो, ओ-रिंग बोटाला जाड लागते! तो नीट परत येत नव्हता आणि मी स्प्रिंगांना दोष देत बसलो. तेल आणि ओ-रिंगांचा संच पुण्याहून मागवतोय. भाच्याने मूळ स्प्रिंगा लावूनसुद्धा टाकल्या. बुडबुडे कसे काढायचे तेवढं सांगा, मागच्या वेळी घाईत तसंच झाकण लावलं होतं.

प्रतिसाद १

शॉक उभा धरून तेल काठोकाठ भरा, पिस्टन तेलाबाहेर न काढता हळूहळू वरखाली करा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. बुडबुडे आपोआप वर येतात. जुनं तेल आतून पूर्ण पुसा, खनिज तेलाचा अंश राहिला तर नव्या ओ-रिंगाही फुगतील.