मोपा ते दिल्ली प्रवासात विमान कुठे आहे हे पाहण्यासाठी टॅबलेट सुचवावा (मर्यादा १५,००० रुपये)

साखळीकर
नमस्कार. मार्गशीर्षात आईवडिलांना घेऊन मोपाहून दिल्लीला जाणार आहे. वडील भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. जन्मभर त्यांनी फळ्यावर नकाशे काढले, विमानात मात्र पहिल्यांदाच बसणार आहेत, आणि खाली कोणती नदी आहे हे कळणार नसेल तर आगगाडीच बरी, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. आमच्या विमानात आसनासमोर पडदा नाही आणि वायफायही नाही. इंटरनेटशिवाय नकाशावर विमानाची जागा दाखवील असा टॅबलेट सुचवावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली असल्याने पडदा मोठा हवा. मर्यादा १५,००० रुपयांची आहे आणि ती ओलांडणे शक्य नाही.

मिरामारचा प्रवासी
आयपॅड घ्यावा, आणि तोही सिमकार्डाचा. मी लिस्बनला जाताना अख्खा अरबी समुद्र त्यावर पाहिला आणि शेजारचे दोन प्रवासी माझ्याकडेच पाहत बसले होते. किंमत अर्ध्या लाखाच्या घरात जाते, परंतु वडिलांच्या हौसेचा हिशेब करू नये.

म्हापशाची माई
माझी फजिती वाचा, म्हणजे तुमची टळेल. गेल्या वर्षी मुलाने मला केवळ वायफायचा टॅबलेट घेऊन दिला. दुकानदाराने 'लोकेशन चालते, मावशी' असे छातीठोकपणे सांगितले होते आणि घरी ते चाललेही. विमान उडाले, अडीच तासांनी दिल्लीला उतरले, तरी तो निळा ठिपका मोपाच्या प्रतीक्षाकक्षातच बसून होता. त्या टॅबलेटात जीपीएसच नव्हते, तो आजूबाजूच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधत होता, हे मला नंतर कळले.

डिचोलीकर
एवढा खटाटोप कशासाठी? फ्लाइटरडार२४ उघडा, सगळी विमाने दिसतात.

वास्कोचा निवृत्त
डिचोलीकर, त्या अ‍ॅपला इंटरनेट लागते आणि साखळीकरांनी ते नसल्याचे आरंभीच लिहिले आहे. विमान स्वतःची जागा प्रसारित करते, ती जमिनीवरची केंद्रे टिपतात आणि मग आपल्याला दिसते. घरी थांबलेल्या नातेवाइकांसाठी ते उत्तम आहे.

माझी नोकरी विमानांच्या उपकरणांच्या देखभालीत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि आपला टॅबलेट त्यांचे फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही ठिपका चालतो. अडचण असते ती सुरुवातीची. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, परंतु एरवी आपले यंत्र ती इंटरनेटवरून झटकन आणते आणि आपल्याला त्या सोयीची सवय झालेली असते. तेव्हा विमानात चढण्यापूर्वी काचेजवळ उभे राहून, फोनचा हॉटस्पॉट लावून, ठिपका जागेवर येईपर्यंत थांबावे. ती माहिती पुढे दोन-चार तास उपयोगी पडते. विमानाचे धातूचे अंग संकेत अडवते, म्हणून टॅबलेट खिडकीशीच धरावा लागतो. नकाशे घरीच डाउनलोड करून ठेवावेत; ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड ही दोन्ही अ‍ॅप चालतील. पॉवर बँक न्यायची असल्यास ती हातातल्या सामानातच ठेवावी.

खरेदीविषयी एकच सांगतो. आयपॅडच्या केवळ वायफाय आवृत्तीत जीपीएस नसते. अँड्रॉइडच्या बऱ्याच वायफाय टॅबलेटांत ते असते, पण सगळ्यांत नसते, म्हणून तपशिलात 'जीपीएस' हा शब्द स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काणकोणची लेक
आमच्याकडेही आयपॅडच आहे आणि छान चालतो. सिमकार्डाचा घ्या.

मिरामारचा प्रवासी
मी हेच पहिल्यांदा सांगितले होते.

फोंड्याचा गणित्या
या ठिपक्यावर फार विश्वास ठेवू नये. वैमानिकाने ३६,००० फूट सांगितले तेव्हा माझ्या टॅबलेटवर साडेसदतीस हजार दिसत होते. त्याहून मजा म्हणजे हातातले घड्याळ साडेसहा हजार दाखवत होते आणि ते पाहून सौ. देवाचे नाव घेऊ लागल्या.

वास्कोचा निवृत्त
तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. वैमानिकाची उंची हवेच्या दाबावरून, ठरावीक प्रमाण वातावरण गृहीत धरून काढतात. आपल्याकडची हवा त्या प्रमाणापेक्षा उबदार, म्हणून जीपीएसची प्रत्यक्ष उंची अधिक भरते. घड्याळ मोजत होते तो विमानाच्या आतला दाब, आणि तो मुद्दाम सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. वहिनींना हे अवश्य सांगावे.

साखळीकर
माहितीबद्दल सर्वांचे आभार. १५,००० ही मर्यादा अजूनही तीच आहे, एवढी आठवण करून देतो. खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची?

फोंड्याचा गणित्या
उजवीकडची, म्हणजे 'एफ'. नकाशावर मोपा ते दिल्ली सरळ रेघ ओढली तर उजनी आणि जायकवाडी दोन्ही उजव्या हाताला येतात.

म्हापशाची माई
सकाळी उत्तरेकडे जाताना ऊनही उजव्याच हाताला असते! पडद्यावर ऊन पडले की काळ्या काचेत आपलेच तोंड दिसते. डावीकडची घ्या, पंखाच्या मागची. त्या बाजूला कोयनेचा शिवसागर आहे.

फोंड्याचा गणित्या
शिवसागर त्या रेघेपासून पन्नासेक किलोमीटर दूर आहे. धुके असेल तर काहीच दिसणार नाही.

म्हापशाची माई
धुके असेल तर तुमची उजनी तरी कुठे दिसणार आहे?

वास्कोचा निवृत्त
विमान नकाशावरच्या रेघेने जात नाही, नियंत्रण कक्ष देईल त्या मार्गाने जाते. तापी आणि नर्मदा मात्र कोणत्याही मार्गाने ओलांडाव्याच लागतील, तेव्हा गुरुजींची निराशा होणार नाही.

साखळीकर
निर्णय झाला आहे आणि तो बहुतेकांना पटणार नाही. ११ इंचांचा, केवळ वायफायचा अँड्रॉइड टॅबलेट घेतला. त्यात जीपीएस असल्याचे खोक्यावर वाचले आणि तेवढ्यावर न थांबता रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर फ्लाइट मोड लावून पाहिले. मांडवीच्या निळ्या पट्ट्यावरून ठिपका बोटीबरोबर सरकत गेला. नकाशात चोडणाचे 'चोराव' केले आहे, यावर वडिलांनी बोट धक्क्याला लागेपर्यंत भाष्य केले, परंतु ठिपक्याला नाव ठेवले नाही.

खिडकीत मात्र वडील बसणार नाहीत. गोळ्यांमुळे त्यांना तासाभराने उठावे लागते, त्यामुळे त्यांना वाटेकडचीच जागा हवी. खिडकी डावीकडची घेतली आहे आणि तिथे आई बसेल. टॅबलेट ती काचेशी धरील. अक्षरे मोठी केली की दोन जागा सोडूनही वडिलांना वाचता येतात, हे घरच्या सोप्यावर तिघे ओळीने बसून पाहिले. आईने एकच अट घातली आहे: नर्मदा आली की ती स्वतः सांगेल, तोवर कोणी विचारायचे नाही.