मदत हवी आहे : आमच्या भागात धरण व्हावं म्हणून निवेदन कसं लिहायचं?

सडेकर
रविवारी आमदारांकडे बैठक आहे. धरण का हवं ते लेखी आणा म्हणालेत. मंडळाच्या मागच्या निवेदनात 'तीव्र पाणीटंचाई असल्याने धरण मंजूर व्हावे ही नम्र विनंती' एवढंच होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. या वेळी मुद्देसूद पाहिजे. पावसाळ्यात धो धो पाऊस, मार्चपासून टँकर. कुणाकडे नमुना असेल तर टाका. वेळ फार कमी आहे.

वाळूचा_कण
कुठला भाग? जिल्हा तरी लिहा.

सडेकर
रत्नागिरी, संगमेश्वर तालुका. वर टँकर लिहिलंय, त्यावरून कळायला हवं होतं.

शाखाभियंता_निवृत्त
टँकर साऱ्या महाराष्ट्रात फिरतो, त्यावरून तालुका कळत नाही. नमुन्याने काम होणार नाही, आधी हे सांगा. नदी की पऱ्या (ओढा)? धरणाची जागा ठरली आहे का? पाणी पिण्याला हवं की शेतीला? लोकसंख्या किती? बुडणारी जमीन खासगी, वन की गावठाण? शेतीला असेल तर किती हेक्टर भिजणार? १०० हेक्टरपर्यंतची योजना जिल्हा परिषद बघते, त्यावर ६०० पर्यंत मृद व जलसंधारण विभाग, त्याच्या वर जलसंपदा. चुकीच्या दारात निवेदन दिलंत तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

निसर्गमित्र_लांजा
धरण कशाला? ऑक्टोबरमध्ये पऱ्याचा जोर ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घाला. आमच्या वाडीने श्रमदानाने घातले, आजूबाजूच्या विहिरींना पाणी टिकलं. खर्च जवळपास शून्य. धरणाचं काय होतं ते प्रवरेवरचं निळवंडे धरण बघा. १९७० ला मंजुरी, कालव्यात चाचणीचं पाणी आलं ३१ मे २०२३ ला. तोवर तुमची मुलं म्हातारी होतील.

शाखाभियंता_निवृत्त
निळवंडे मोठा प्रकल्प, लांबच लांब कालवे. लहान तलावाशी त्याची तुलना करू नका. बंधाऱ्यांना माझा विरोध नाही, पण खाली जांभा (सच्छिद्र दगड) असेल तर पाणी झिरपून खालच्या वाडीच्या झऱ्यात निघतं. वरच्या वाडीच्या विहिरीला किती महिने टिकलं ते सांगा.

निसर्गमित्र_लांजा
फेब्रुवारीपर्यंत. पण दरवर्षी सगळ्या पऱ्यांवर घातले तर वाढेल.

सडेकर
आमच्याकडेही घालतात, जानेवारीअखेर कोरडे. म्हणूनच धरण म्हणतोय. सात वाड्या, चार हजारांच्या आसपास माणसं. पऱ्या आहे, दोन टेकड्यांमधली खिंड अरुंद आहे, जुने लोक तिथेच धरण होईल म्हणतात. आता सांगा.

मांजराकाठ
मी लातूरचा. २०१६ ला आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. राज्याच्या दहा टक्के भूभागावर कोकण, आणि पाणी मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त. ते समुद्रात सोडण्यापेक्षा वळवून मराठवाड्याला द्या. आधी ती मागणी करा.

चिपळूणकर७२
वळवायचं बोलताय तर आधी कोयनेचं बघा. वीज करून वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाशिष्ठीत येतं आणि खाडीतून समुद्रात जातं. नवीन धरण नको, ते अवजल पाइपने संगमेश्वरपर्यंत आणा. मी हे वर्षानुवर्षं सांगतोय.

मांजराकाठ
ते पाणी मुळात कृष्णा खोऱ्यातलं आहे, त्यावर आमचाही हक्क निघतो.

सडेकर
अहो, सात वाड्यांच्या पाण्याचं विचारलंय. वाद वेगळ्या धाग्यावर घाला.

बोअरवाला_दादा
दोनशे फुटांखाली पाणी लागतं. सोलर पंप बसवा, अनुदान आहे.

माहेरवाशीण
माझं माहेर धरणात गेलं, म्हणून लिहिते. गावाने विश्वासाने जमिनी दिल्या. आज मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या खळ्याची जांभ्याची पायरी वर येते, आणि आम्हाला वसवलं त्या वसाहतीत त्याच महिन्यात टँकर येतो. खिंडीच्या आत कुणाची घरं, कुणाचे मळे आहेत? त्यांना कुणी विचारलंय का? निवेदनावर त्यांच्या सह्या नसतील तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

सडेकर
ताई, घरं नाहीत. भाताचे मळे आहेत, काही काजूच्या बागा. मालक बरेचसे मुंबईला.

माहेरवाशीण
मुंबईला आहेत म्हणून त्यांची जमीन कमी होत नाही. आधी त्यांना फोन करा.

शाखाभियंता_निवृत्त
ताईंचं म्हणणं मनावर घ्या. आता हिशोब. चार हजार माणसं, जलजीवनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला २ लाख २० हजार लिटर. ऑक्टोबर ते मे २४० दिवस धरले तर ५ कोटी २८ लाख लिटर. बाष्पीभवन, गळती धरून दुप्पट करा, तरी साडेदहा कोटी लिटर, म्हणजे जेमतेम ०.१ दशलक्ष घनमीटर. तुमच्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. एका चौरस किलोमीटर पाणलोटावर ३ दशलक्ष घनमीटर पाणी पडतं. म्हणजे पाणी कमी नाही, अडवायची सोय नाही. नुसतं पिण्याला मागाल तर साठवण तलाव पुरतो, बुडीतही कमी. काजू-आंब्याच्या नव्या लागवडीला आणि उन्हाळी भाजीला मागत असाल तर लाभक्षेत्र (भिजणारी जमीन) दाखवावं लागेल. काय मागता ते पहिल्या ओळीत लिहा.

वाळूचा_कण
चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण विसरू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधी केल्या होत्या.

शाखाभियंता_निवृत्त
बरोबर. म्हणून देखभाल कुणाची तेही निवेदनात मागा. आणि मातीचं धरण असेल तर गाभ्याची (पाणी न झिरपू देणारी) माती जवळपास मिळते का, सांडव्याला खडक आहे का, हे अन्वेषणात तपासा म्हणून लिहा. आमदारांकडे 'धरण द्या' म्हणण्यापेक्षा 'सर्वेक्षणाचा आदेश द्या' म्हणा, ते त्यांच्या हातात असतं. पाणी उपलब्धता प्रमाणपत्र नंतर विभाग मागवेल.

सडेकर
मसुदा असा केलाय : 'सात वाड्या, लोकसंख्या सुमारे चार हजार, मार्च ते जून टँकर. पिण्यासाठी व बागायतीसाठी खिंडीच्या जागी साठवण तलावाचे सर्वेक्षण व्हावे. बुडीतातील खातेदारांशी बोलणी सुरू आहेत, त्यांच्या मोबदल्याचा निर्णय कामाआधी व्हावा. तलावाच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या विभागाची, ते लेखी मिळावे.' चालेल?

शाखाभियंता_निवृत्त
'बागायतीसाठी' पुढे अंदाजे हेक्टर लिहा. टँकरच्या फेऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीकडे असते, मागच्या तीन उन्हाळ्यांची जोडा. खिंडीचा फोटो आणि सर्वे नंबरही.

सडेकर
सर्वे नंबर मिळाले. दोन सातबारे सामाईक आहेत, एकावर पणजोबांपासूनची चाळीसेक नावं. सगळ्यांच्या सह्या लागतील का?

शाखाभियंता_निवृत्त
निवेदनाला नाही. संपादनाच्या वेळी मात्र प्रत्येकाला नोटीस जाते, म्हणून वारसनोंदी आत्तापासून करून घ्या.

माहेरवाशीण
कागदाला लागत नसतील, तरी चाळीसही जणांना कळवा.